हेडच्या आतलं वळण

माझा थोरला भाऊ लिंबाजी स्वतःची स्तुती करताना कधी लाजला नाही. जिंतूर रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात कोणी बुलेट घेऊन आला की तो गाडीकडे न बघता आधी आपली करंगळी दाखवायचा. "लोकांना पाच बोटं असतात," म्हणायचा. "मला चार बोटं आन् एक हत्यार." गिऱ्हाईक हसायचं आणि गाडी ठेवून जायचं.

इंजिनाच्या माथ्यावर जो ओतीव तुकडा बसतो त्याला हेड म्हणतात. त्यात दोन बोगदे असतात. एकातून पेट्रोल मिसळलेली हवा आत जाते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर पडतो. ओतकामात या बोगद्यांच्या भिंती कधी अगदी नितळ येत नाहीत. कुठे साच्याची शिवण उठून राहते, कुठे व्हॉल्व्हखाली बारीक पायरी राहते. कुठल्याही ओतीव वस्तूत हे व्हायचंच. ती शिवण काढायची, पायरी घासायची, बोगद्याला वळण द्यायचं, म्हणजे इंजिनाला श्वास घेणं सोपं जातं. याला पोर्टिंग म्हणतात. दादा डोळे मिटून करंगळी आत घालायचा, सावकाश फिरवायचा, आणि मगच ग्राइंडर हातात घ्यायचा.

या कामासाठी त्याने एसटीच्या डेपोतली कायम नोकरी सोडली होती. त्यानंतर पंक्चर, क्लच, ब्रेक अशी किरकोळ कामंही त्याने एकेक करून बंद केली. "मी डोक्याचा डॉक्टर," म्हणायचा. "हातपाय मोडले तर दुसरीकडं जा." मी तेव्हा परभणीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. कॉलेज सुटलं की वर्कशॉपात यायचे आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल टाकून उत्तरपत्रिका तपासायचे. ग्राइंडरच्या आवाजात मला चांगलं काम सुचायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीला झरीचे आबासाहेब त्यांच्या मुलाला, नागनाथला, घेऊन आले. आबासाहेबांची शेती मोठी, पण त्यांची ओळख शेतीने नव्हती. शंकरपटात त्यांची बैलजोडी पळायची आणि शेजारच्या तालुक्यांतून लोक ती बघायला यायचे. नागनाथला बैलांचं वेड नव्हतं, बुलेटचं होतं. होळीनंतर औरंगाबादला मोटारसायकलींची मातीवरची शर्यत होणार होती आणि तो तिथे उतरणार होता.

"लिंबाजी, औरंगाबादला मशीन आलंय म्हणं," आबासाहेब स्टुलावर बसता बसता म्हणाले.

"कशाचं?"

"तुझ्या करंगळीचं."

दादाने हातातला फडका खाली ठेवला. नागनाथ चुळबुळला. तो बारावीला माझ्या वर्गात होता आणि तेव्हाही अवघड प्रश्न आला की असाच चुळबुळायचा.

"बन्सीधरसेठच्या कारखान्यात हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "एका बाजूला नमुन्याचं हेड लावतेत. त्याच्या आतून एक दांडी फिरती, आन् शेजारच्या हेडात कटर तस्संच फिरतंय. शंभर हेडं टाका, शंभरच्या शंभर सारखी."

"मशिनीला झोप न्हाई, तंबाखू न्हाई," आबासाहेब म्हणाले. "आन् सोताची तारीफबी न्हाई."

"मग तिथल्या लोकांचा दिवस कसा सरतो?" दादाने विचारलं.

आबासाहेब हसले, पण विषय सोडला नाही. औरंगाबादच्या शर्यतीत बहुतेक गाड्यांना मशीनवर कापलेली हेडं असणार, असं त्यांना कळलं होतं. आपल्या पोराने हाताचं हेड लावून जावं की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. दादाचा प्रश्न त्याहून मोठा होता. नागनाथची गाडी ज्या दारात उभी राही, त्याच दारात जिल्ह्यातल्या बाकीच्या बुलेट उभ्या राहत. ती औरंगाबादला गेली की सगळ्या जाणार होत्या, आणि दादाने हेडखेरीज दुसरं काम शिल्लक ठेवलेलं नव्हतं. त्याच्या हाताला यापुढे काही मोल राहणार की नाही, ते एका पोराच्या गाडीवर येऊन ठेपलं होतं.

"माघात झरीला पट हाय," आबासाहेब उठता उठता म्हणाले. "बैलांचं झालं की त्याच पटावर गाडी पळवू. गाडी तीच, पोरगं तेच, हेडं दोन. एक सेठचं, एक तुझं. घड्याळात जे पुढं, ते औरंगाबादला जाईल."

"हेड पिशवीत घालून आणा म्हणावं सेठला," दादा म्हणाला. "परत न्यायला सोपं पडंल."

ते गेल्यावर मात्र त्याने त्या दिवशी आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला करंगळी दाखवली नाही, आणि मला त्याची काळजी वाटली.

परभणीत तेव्हा हेड पारखायची एक रीत पडली होती. गिऱ्हाईक बोगद्यात टॉर्च मारायचं आणि आत चकाकी बघायचं. जितकी चकाकी, तितकं काम चांगलं. ही रीत दादानेच पाडली होती. घासून झाल्यावर तो बारीक पॉलिश पेपरने बोगदा असा चमकवायचा की टॉर्चचा उजेड फिरून डोळ्यावर यायचा. बोगदा तो जमेल तितका मोठाही करायचा. मोठी वाट, जास्त हवा. झरीच्या पटासाठी त्याने पहिलं हेड असंच तयार केलं, आरशासारखं, आणि मला टॉर्च दिला.

"कसं हाय?"

"सुंदर आहे," मी म्हणाले. "हवा किती जाते?"

"लय जाती."

"लय म्हणजे किती?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, हवा काय तराजूत घालून मोजतेत का?"

मोजतात. माझ्या डोक्यात ते बऱ्याच दिवसांपासून होतं. लोहार भट्टीला लावतात तसला विजेवरचा ब्लोअर मी गंगाखेड रोडच्या एका ओळखीच्या लोहाराकडून आणला. एका पेटीवर हेड बसवलं, पेटीच्या दुसऱ्या तोंडाला मधोमध भोक पाडलेली पितळी पट्टी लावली, आणि ब्लोअरची हवा दोन्हीतून एकापाठोपाठ जाईल अशी सोय केली. काचेच्या दोन वाकड्या नळ्यांमध्ये लाल शाई घातलेलं पाणी भरलं. एक नळी हेडपाशी हवा किती अडते ते दाखवणार, दुसरी पट्टीपाशी किती अडते ते. आमच्याकडे विजेचा दाब घटकेघटकेला बदलायचा. ब्लोअर कधी जोरात, कधी रडत फिरायचा. म्हणून दोन नळ्या. वीज कमी झाली तर दोन्हीकडचं पाणी सारख्याच प्रमाणात उतरतं, त्यांच्यातलं गुणोत्तर बदलत नाही. त्या गुणोत्तरावर माझा भरवसा होता.

आधी एक न घासलेलं हेड लावलं. मग दादाचं आरशासारखं.

गुणोत्तर जवळजवळ तेच राहिलं.

"तुझी नळी बिघडलीय," दादा म्हणाला.

मी पुन्हा न घासलेलं लावलं, पुन्हा त्याचं लावलं. व्हॉल्व्ह थोडा उघडा असताना तर त्याचं हेड किंचित मागेच पडत होतं.

"पाण्याला काय कळतंय इंजिनातलं," तो म्हणाला आणि चहाला निघून गेला. चहा आमच्याच दारातल्या टपरीवर मिळायचा. तो स्टेशनपर्यंत चालत गेला असावा.

तेवढ्या वेळात मी शिवणाच्या दोऱ्याचा एक तुकडा बारीक तारेच्या टोकाला बांधला. तो आल्यावर ब्लोअर सुरू केला आणि तार बोगद्यात सरकवली. वरच्या भिंतीला दोरा वाऱ्यात सरळ ताणून पडला. मग तार खालच्या बाजूला नेली. बोगदा व्हॉल्व्हकडे वळतो तिथे आतल्या बाजूला एक आखूड वळण असतं. दोरा तिथे पोचला आणि फडफडायला लागला. मागेपुढे, आडवातिडवा, मध्येच उलटा.

"हवेला इथं वळता येत नाही," मी म्हणाले. "तू हे वळण खरवडून तीक्ष्ण केलंस. हवा भिंत सोडून सरळ पुढे जाते, आणि इथं नुसता भोवरा राहतो. वाट मोठी आहे, पण निम्मी वाट रिकामी आहे."

दादाने टॉर्च घेतला आणि तोंड हेडपाशी नेऊन दोऱ्याकडे बघत राहिला. ब्लोअरचा आवाज चालू होता. मग त्याने टॉर्च बंद केला.

"लोकांचीबी हेडं आशीच केली की मी," तो म्हणाला.

"शिवण काढलीस, पायरी काढलीस, त्याचा फायदा त्यांना झालाच. बाकीचं फुकट गेलं."

"चकाकी?"

"चकाकीचं हवेला काही नाही."

त्याने ब्लोअर बंद केला आणि हेड पेटीवरून उतरवलं. मग म्हणाला, "घासून काढलेलं परत लावता येत न्हाई. दुसरं हेड काढ खालून."

आम्ही पटापर्यंत त्या दुसऱ्या हेडावर काम केलं. आधी दादाच्या मनासारखं थोडं कापायचं, मग मोजायचं, मग पुढचं. व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याखालची पायरी गेली तसं हेडच्या नळीच्या मानाने पट्टीच्या नळीतलं पाणी ठळक वर आलं, म्हणजे हवा जास्त जाऊ लागली. आखूड वळणावर त्याने ग्राइंडर लावलाच नाही. बारीक गोल कानशीने, बोटाच्या नखावर काम करावं इतक्या हलक्या हाताने, तो त्याला गोलाई देत गेला. कुठे किती गोलाई, हे मी सांगू शकत नव्हते. मी फक्त हवा रुसलीय की खुललीय तेवढं सांगायचे. तिची समजूत काढायची युक्ती त्याच्या बोटांत होती. एका संध्याकाळी दोरा त्या वळणावरसुद्धा शांत पडून राहिला. दादाने ब्लोअर बंद करू दिला नाही. वीज जाईपर्यंत आम्ही दोघं त्या दोऱ्याकडे पाहत बसलो.

पटाच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले तर त्याने पॉलिश पेपर काढून ठेवला होता.

"लोक टॉर्च मारतील," तो म्हणाला. "आत अंधार दिसंल. म्हणतील लिंबाजीनं काम अर्धं सोडलं."

"मारू दे टॉर्च."

"तुझं काय जातंय. तुला खात्री हाय ना पण?"

खोटं बोलणं मला जमत नाही. "हवेची आहे," मी म्हणाले. "इंजिनाची नाही. माझ्या पेटीत हवा एकसारखी वाहते. इंजिन घोट घोट घेतं. त्यात काय होईल हे मी मोजलेलं नाही."

तो पॉलिश पेपर हातात धरून विचार करत बसला. त्याचं नाव त्या चकाकीवर झालं होतं, आणि मी त्याला एका नळीच्या भरवशावर ती सोडायला सांगत होते, तीही अर्ध्या खात्रीने. अखेर त्याने पेपर घडी करून खणात टाकला.

"दोरा निवांत होता," तो म्हणाला. "मला तेवढं बास हाय."

झरीचा पट गावाबाहेर काळ्या रानात आखला होता. रूळ फिरवून माती दाबलेली, दोन्ही बाजूंनी माणसं, बाभळीच्या झाडांवर पोरं. बैलांच्या जोड्या सुटत होत्या आणि भोंग्यावरून पुकारा चालला होता. आमच्याकडे जोडीचा पुकारा मालकाच्या नावाने आणि गावाच्या नावाने होतो. जोडी हाकणाऱ्याचं नाव कोणी पुकारत नाही. तो बैलांच्या मागे जीव मुठीत धरून उभा असतो, पण भोंग्यावर ऐकू येतं ते मालकाचं नाव.

बन्सीधरसेठ स्वतः आले होते. सफारी घातलेले, बोलायला मऊ. त्यांनी आपलं हेड पांढऱ्या कापडातून काढलं. काम देखणं होतं, हे मला मान्य करावं लागलं. बोगद्यात कटरच्या बारीक रेघा एकापुढे एक, वहीच्या पानावरच्या ओळींसारख्या.

आबासाहेबांनी आधी त्यात टॉर्च मारला, मान डोलावली. मग दादाच्या हेडात मारला.

"लिंबाजी, हे अर्धं राहिलंय."

"न्हाई. एवढंच हाय."

"आत तोंड दिसंना की."

"तोंड बघायला घरी आरसा न्हाई का तुमच्या?"

भोवतीची माणसं हसली. आबासाहेब हसले नाहीत. "तूच म्हणायचा चकाकी पायजे. आता काय झालं?"

"आबासाहेब, पोळ्याला बैलांची शिंगं तासून तेल लावता," दादा म्हणाला. "पटाला लावता का?"

"पटाला शिंगं कोण बघतंय. पटाला पाय बघायचे."

"मग ह्याचे पाय बघा."

आबासाहेबांनी टॉर्च विझवून खिशात टाकला.

आधी सेठचं हेड लावलं. नागनाथ रेघेवर आला, घड्याळवाल्याने दूरच्या टोकाला हात वर केला, फडकं खाली पडलं. गाडी आधी दबल्यासारखी झाली, मग सुटली. जसजशी पुढे गेली तसतसा आवाज मोकळा होत गेला, आणि ती पूर्ण रंगात आली तेव्हा पट संपला होता. भोंग्यावर पुकारा झाला, "आबासाहेब, झरी," आणि वेळ सांगितली.

लिंबाच्या झाडाखाली हेड बदलायला घेतलं. टाकी उतरवली, नट सैल केले. सेठ बाह्या दुमडून दादाशेजारी उकिडवे बसले आणि त्याने मागायच्या आधी हातात पाना देऊ लागले. मी थोडी लांब उभी होते. मी स्वतःला सांगत होते की एका चाचणीतून काही सिद्ध होत नाही, दहा वेळा पळवली तर सरासरी काढता येईल; पण पट दहा वेळा होत नसतो.

नागनाथ पुन्हा रेघेवर आला. "मॅडम, आवाज निराळा यायलाय," तो माझ्याजवळून जाताना म्हणाला. मला ते आधीच ऐकू आलं होतं. आवाज खालच्या पट्टीत, भरीव होता.

फडकं पडलं आणि गाडी जागेवरूनच गेली. दबली नाही, थांबली नाही. मागच्या चाकाने उडवलेली माती माझ्या साडीवर आली. शेवटच्या टप्प्यात ती सेठच्या हेडाइतकी जोरात नसेलही, पण तोवर ती इतकी पुढे होती की त्याला अर्थ उरला नव्हता. घड्याळवाला तिकडच्या टोकाहून पळतच आला आणि आबासाहेबांच्या कानाशी लागला. पुकारणाऱ्याने भोंगा तोंडाशी धरला.

"आबासाहेब, झरी—"

"थांब," आबासाहेब म्हणाले. त्यांनी भोंगा त्याच्या हातातून घेतला. मग खाकरले.

"लिंबाजी मिस्त्री, परभणी," ते भोंग्यातून म्हणाले, आणि मग वेळ सांगितली. वेळ सेठच्या हेडापेक्षा कमी होती.

त्या पटावर याआधी आमच्यातल्या कोणाचं नाव पुकारलं गेलं होतं का, मला माहीत नाही. नसावं. आमच्या वडिलांनी अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीनंतर गाव सोडलं, ते जत्रेलासुद्धा पुन्हा खेड्यात गेले नाहीत. दादा हातातला पाना पुसत होता, पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होता. मी तिथे उभी राहून फक्त त्याच्याकडे बघत होते, आणि मला त्या क्षणी त्याच्याखेरीज रानात कोणी आहे असं वाटत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर सेठ आमच्याकडे आले. दादाने गाडीवरून उतरवलेलं आपलं हेड त्यांनी विचारून हातात घेतलं. आणि टॉर्च न मागता त्यात बोट घातलं. खालच्या वळणावर बोट थांबलं.

"माझा नमुना लांब रस्त्यावरच्या गाडीचा आहे," ते म्हणाले. "वरच्या वेगाला चांगला. मातीवर, आखूड धावेला तो उपयोगाचा नाही, हे आज दिसलं. लिंबाजीराव, मशीनला स्वतःचं वळण नसतं. कोणाच्या तरी हातानं केलेला नमुना लागतो. माझा पुण्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं केला होता. ते आता नाहीत."

"मग?"

"तुम्ही नमुना करून द्या. मातीवरच्या गाड्यांसाठी. मोबदला तुम्ही म्हणाल तो."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. हा निर्णय मोजून घेण्यासारखा नव्हता.

"हेडावर नाव कोणाचं?" त्याने विचारलं.

"कारखान्याचा शिक्का असतो."

"मग न्हाई."

"अहो, नावाचं एवढं काय? काम तर तुमचंच राहील."

"सेठ," दादा म्हणाला, "नावाचं एवढं काय, असं इचारणारा माणूस धा वर्सांत मराठवाड्यात मला पहिल्यांदाच भेटला."

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून त्या दहा वर्षांत काय काय झालं होतं, ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. सेठ लाल झाले. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आबासाहेब लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. त्या वादात त्यांनी कधी आमच्या बाजूने शब्द काढला नव्हता. विरोधात काढला होता की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

"द्या की नाव, सेठ," ते झाडाकडेच बघत म्हणाले. "मी आत्ता भोंग्यावरनं दिलं. मला काय झालं?"

सेठ अवघडून हसले. "देऊ," म्हणाले. "कारखान्याच्या शिक्क्याखाली."

"शेजारी," दादा म्हणाला.

"बरं. शेजारी."

नागनाथ औरंगाबादला दादाचं हेड लावून गेला आणि तिसरा आला. आबासाहेबांनी पेढे वाटले. बैल तिसरे आले असते तर वाटले नसते, असं नागनाथच मला म्हणाला. दादाने नमुना केला. त्यासाठी आम्ही पावसाळाभर मोजत होतो, आणि आधीच्या हेडापेक्षा तो थोडा सरस निघाला.

दसऱ्याच्या सुमारास सेठने मशीनवर कापलेलं पहिलं हेड पाठवलं. बाजूवर दोन शिक्के होते, एका ओळीत, सारख्या आकाराचे. दादाने ते उजेडात धरून पाहिले आणि हेड माझ्या हातात दिलं.

"मोज."

मी पेटीवर बसवलं, ब्लोअर सुरू केला. मनातून मला ते थोडं कमी भरावं असं वाटत होतं. दादाला ज्या कामाला आठवडा लागायचा ते त्या मशीनने दुपारच्या जेवणाआधी केलं होतं, आणि कुठेतरी ते उणं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी पुन्हा पुन्हा मोजलं. दोन नळ्यांचं गुणोत्तर दर वेळी नमुन्याइतकंच येत होतं.

"किती?"

"तुझ्याइतकंच," मी म्हणाले. "काहीच फरक नाही."

त्याने वाकून दोन्ही नळ्यांतलं पाणी स्वतः पाहिलं. मी त्याचं काय बिनसलंय ते शोधत होते, पण काही बिनसलेलं नव्हतं.

"म्हणजे बराबर होतं," तो म्हणाला.

"बरोबरच होतं."

"शंभर गाड्यांत माझं वळण जाईल, कुसुम. शंभर. मी हातानं मरेस्तोवर एवढी केली नसती." त्याने हेड परत घेतलं, पालथं केलं, आणि दुसऱ्या बोगद्यात, धुराच्या बाजूला, अंगठा फिरवला. "ही बाजू आपण नीट मोजलीच न्हाई आजून. समदा वेळ आत येणाऱ्या हवेचाच इचार केला. बाहेर जाणारीला कोण इचारतंय." मग त्याने कोपऱ्यातलं एक न घासलेलं हेड ओढलं. "मशीन माझ्यासारखी शंभर काढंल. एकशे एकावं कसं काढायचं ते तिला कोण सांगणार?"

दारात मानवतचा एक माणूस बुलेट घेऊन उभा होता. मशीनचं हेड मिळतं का, म्हणून विचारत होता.

"मिळतंय," दादा म्हणाला. "माझंच हाय ते. थांबा जरा."

बाहेर जाणारी हवा मोजायला मी ब्लोअर उलट्या बाजूने जोडून पेटीचं तोंड बदललं, नळ्यांत नवी शाई घातली आणि बटण दाबलं. वीज होती.